परीक्षेच्या दिवशी बाहेर बसलेली मुलगी

सुमा आणि बापू,

तुमच्या बाबांनी कराचीहून कळवले आहे की तिकडे मुलींच्या शाळांवरून मोठी चर्चा चालू आहे. मुलींना मुलांचीच पुस्तके द्यावीत की निराळी, गणित कुठवर शिकवावे, मोठ्या मुलींची हजेरी इतकी कमी का पडते, यावर सभा भरतात आणि टाळ्या पडतात म्हणे. इकडे ठाण्यात आणि कल्याणात हीच चर्चा मी नोकरीभर ऐकली. ऐकली म्हणजे शेजारच्या खोलीत बसून ऐकली, कारण सभेत बायकांनी बसण्याची पद्धत नव्हती. एकदा आमच्याच शाळेत मुलींच्या शिक्षणावर सभा झाली. फार चांगली भाषणे झाली. शेवटी आभार मानणाऱ्या गृहस्थांना शाळेच्या मास्तरीणबाईंचे नाव काही केल्या आठवेना, तेव्हा त्यांनी जागेचे, जाजमाचे आणि दिव्यांचे आभार मानले.

मी कोणत्या शाळेत किती वर्षे होते आणि पगार कुठून कुठे गेला, हे सांगण्यात मला गोडी नाही. त्याऐवजी शाळेतल्या दोनचार हकिगती सांगते. त्यातली शेवटची मोठी आहे. ती तुमच्या आईने आधी वाचावी आणि बापूला आत्ता द्यायची की तो थोडा मोठा झाल्यावर, ते ठरवावे.

आधी शाळा म्हणजे काय ते सांगते, कारण तुमच्या डोळ्यांपुढे बाके आणि पितळी घंटा असणार. आमची कल्याणची मुलींची शाळा एका भाड्याच्या घरात होती. पुढे ओटी, मग एक लांबट खोली, मागे पडवी आणि परसू. मुली जाजमावर बसत. फळा एकच, तोही भिंतीला टेकवलेला, कारण त्याची घोडी मोडली होती आणि नवी मंजूर व्हायची होती. सगळ्या इयत्ता त्याच खोलीत. एकीला पाढे म्हणायला लावायचे, दुसरीला पाटीवर लिहायला बसवायचे, तिसरीचे वाचन घ्यायचे. परक्याला तो नुसता गलका वाटे. मला मात्र त्या गलक्यात पाढा कुठे अडला ते पाठ फिरवूनही कळे. एवढी कला साधली की शाळा चालते. बाकीचे ट्रेनिंगमध्ये शिकवतात.

मुली आपण होऊन शाळेत येत नसत. त्यांना घरोघर जाऊन आणावे लागे आणि त्या कामाला एक बाई नेमलेली असे. आमची ठकूबाई जातीने आगरीण, माहेर कोपरचे, दिली होती कल्याणात. ती दारात उभी राहून अशी हाक मारी की मुलगी आली नाही तरी शेजारची तीन माणसे बाहेर येत. कोणाची वेणी राहिली असेल तर तिथेच ओट्यावर बसून घाली. एखादी आई म्हणाली, “आज नको, घरी काम आहे,” तर ठकूबाई म्हणे, “काम मी करतंय, पोरीला धाडा.” आणि खरेच एकदा ती कोणाचे तांदूळ निवडून आली होती.

माझ्या इंग्रजीबद्दल तुम्ही नेहमी विचारता. माझे वडील ठाण्याच्या कचेरीत होते. त्यांना इंग्रजी पुस्तके मोठ्याने वाचायची हौस आणि घरात ऐकणारे कोणी नाही, म्हणून त्यांनी मला शिकवले. लोक विचारत, “हिला हे इंग्रजी काय कामाचे?” वडील म्हणत, “तिला नसेल, मला आहे.” मराठी शाळेत त्या इंग्रजीला काम नव्हतेच. शेवटच्या हकिगतीत एकदा काम पडले, ते सांगेन.

मी ठाण्याला होते तेव्हा खाडीपलीकडून कळव्याच्या काही मुली शाळेत येत. पावसाळ्यात त्यांची हजेरी चांगली असे. थंडी सरत आली की त्या हळूहळू दिसेनाशा होत आणि एक दिवस सगळ्याच गेलेल्या. शाळा चालवणाऱ्या कमिटीतल्या गृहस्थांनी यावर विचार करून ठरवले की या लोकांना विद्येचे महत्त्व कळत नाही आणि मी जाऊन ते सांगावे. मी होडीने गेले. मुली मिठागरावर होत्या. कोणी मीठ ओढत होत्या, कोणी धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या. मी एकीच्या आईपुढे उभी राहून विद्येचे महत्त्व सांगू लागले. तिने हातातले फावडे थांबवून सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, “बाई, परीक्षा पावसात घ्या ना. पावसात मीठ नाय, पोरी मोकल्याच हायेत.”

यात न कळण्यासारखे काही नव्हते. मी परत येऊन कमिटीला ते तसेच सांगितले. परीक्षा डेप्युटीसाहेब उन्हाळ्याच्या तोंडाशी येऊन घेत, ती पावसाळ्यात घ्यावी, निदान खाडीपलीकडच्या मुलींची. गृहस्थ हसले. एक म्हणाले, “बाई, पावसाळ्यात डेप्युटीसाहेबांनी पोहत यायचे काय?” त्या मुलींची नावे दर साल परीक्षेला गैरहजर म्हणून उन्हाळ्यात कमी होत आणि पावसाळ्यात पुन्हा नव्याने घातली जात. पुस्तकही पुन्हा पहिलेच. त्यातली एक मुलगी पहिले पुस्तक इतक्या वेळा शिकली की ती ते मला शिकवू शकली असती. दुसरे तिला कधी दिसले नाही.

दुसरे एक गृहस्थ आठवतात. त्यांचे पेठेत कापडाचे दुकान होते. ते मुलीला घेऊन आले आणि अगदी आदराने म्हणाले, “बाई, हिला वाचायला शिकवा, पण लिहायला नको.”

मी विचारले, “का बरे?”

“वाचता आले तर पोथी वाचील. लिहिता आले तर पत्र लिहील.”

“पत्र कोणाला लिहील?”

“तेच तर आपल्याला कळणार नाही ना.”

मी त्यांना सांगितले की अक्षर गिरवल्याशिवाय डोळ्यांत बसत नाही. त्यांनी पुष्कळ विचार केला आणि तोड काढली: मुलीने शाळेत पाटीवर लिहावे, पण कागद आणि दौत तिला देऊ नये. मी कबूल केले. पुढे ती मुलगी लग्न होऊन सासरी गेली. वर्षाने ते गृहस्थ एक पत्र घेऊन माझ्याकडे वाचून घ्यायला आले. मोडी त्यांना येई, पण पत्र मुलीने आपल्या हाताने बालबोधीत लिहिले होते. सगळे वाचून झाल्यावर ते म्हणाले, “खुशाल आहे म्हणते,” आणि ते पत्र पुन्हा एकदा वाचायला सांगितले.

आता ती मोठी हकिगत.

शाळेचा सगळा जीव वर्षातून एका दिवशी टांगणीला लागे. शाळाखात्याचे डेप्युटी इन्स्पेक्टर गावोगाव फिरून शाळांच्या परीक्षा घेत. जी मुलगी त्यांच्यापुढे बसून पास झाली ती वरच्या इयत्तेत गेली, जी बसली नाही तिचे वर्ष बुडाले. शाळेला मिळणारी मदतही त्या निकालावरच. त्यामुळे परीक्षा मुलींची की माझी की कमिटीची, हे कोणालाच नक्की सांगता येत नसे. आठ दिवस आधीपासून पाट्या कोळशाने घासल्या जात, जमीन सारवली जाई. कमिटीचे मुख्य तात्यासाहेब एरवी वर्षभर फिरकत नसत, ते रोज येऊन मुलींना नमस्कार कसा करावा ते शिकवत. तुमचे आजोबा तेव्हा मुलांच्या शाळेत मास्तर होते. ते म्हणत, “एक दिवस नमस्कार, बाकी वर्षभर उजळणी. माझ्याकडे उलटे आहे, मुले वर्षभर नमस्कारच करतात.”

त्या वर्षी वरच्या इयत्तेत गोदू होती. वय पंधराच्या आसपास. बाकीच्या तिच्या वयाच्या मुली केव्हाच सासरी गेल्या होत्या. गोदू शाळेत होती, कारण तिला सासरच नावापुरते उरले होते. लग्न लहानपणी झाले, तिचा नवरा तापाने गेला तेव्हा ती माहेरी भातुकली खेळत होती. आईवडील नव्हते. भाऊ केशवराव कल्याण स्टेशनात मालाच्या कचेरीत कारकून, त्याच्याकडे ती राही. सासरची मंडळी खडवलीची. त्यांचा निरोप दर दोन महिन्यांनी येई: मुलगी मोठी झाली, आता तिला इकडे पोचवा, केशवपन करून घरात ठेवू, सोवळ्याच्या स्वयंपाकाला हवीच आहे.

केशवरावाचा स्वभाव वाईट नव्हता, भित्रा होता. त्याने मला सांगितले होते, “बाई, या वर्षी ती पास झाली आणि पुण्याला मास्तरणींच्या ट्रेनिंगला तिची सोय लागली, तर मी त्यांना सांगेन की सरकारने नेली. पण नुसती घरात बसवून मी त्यांना आणखी एक वर्ष नाही म्हणू शकत नाही.” ट्रेनिंगसाठी वरच्या इयत्तेची परीक्षा पास असणे जरूर होते. म्हणजे गोदूची एक वाट पुण्याला जात होती, दुसरी खडवलीला, आणि मध्ये डेप्युटीसाहेबांचा तो एक दिवस उभा होता.

अभ्यासाची मला काळजी नव्हती. त्रैराशिकाची उदाहरणे ती मनात करी आणि मग केवळ मला बरे वाटावे म्हणून पाटीवर मांडी.

परीक्षेच्या सकाळी ठकूबाई मुलींचा घोळका घेऊन आली. नाकात नथी, डोक्यात फुले. गोदू दिसेना.

मी ओटीवरच विचारले, “गोदू कुठाय?”

“नाय येयाची ती.”

“नाही म्हणजे? भावाने अडवले?”

“भावानं कशाला अडवाचं? मागल्या दारी गोठ्यापाशी बसलीय. भायेर बसलीय, बाय. रडून रडून डोले सुजलेत पोरीचे.”

सुमा, तुला आता हे माहीत आहे. बायकांना महिन्याचे जे चार दिवस येतात, त्यांत आपल्या घरांतून बाईने कोणाला शिवायचे नाही, घरात वावरायचे नाही, पुस्तकाला हात लावायचा नाही. माझ्या शाळेत ज्या थोड्या मोठ्या मुली येत, त्या दर महिन्याला या कारणाने गैरहजर राहत. हजेरी कमी का पडते, असे कमिटी मला दर वेळी विचारी आणि मी दर वेळी म्हणे, “घरची अडचण.” सगळ्या पुरुषांच्या घरी हीच अडचण होती. पण शाळेची हजेरी आणि घरातली ती बाजूला बसलेली बाई, यांचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्यांच्या मनात येत नसे.

माझे काय, असे तू विचारशील. माझ्या सासूबाई हयात नव्हत्या आणि घरात विचारणारे कोणी नव्हते. मी त्या दिवसांत शाळेत खुर्चीवर बसे, पाट्या दुरून तपाशी आणि गप्प राही. ते मला जमले. ज्यांच्या घरात दहा डोळे होते त्यांना जमण्यासारखे नव्हते.

डेप्युटीसाहेब आले. देशावरचे गृहस्थ, उंच, पागोटे घट्ट, बोलणे मोजके. त्यांनी लहान इयत्तांपासून सुरुवात केली. थोड्या वेळाने वरच्या इयत्तेची नावे काढली आणि गोदूच्या नावापाशी थांबले.

“ही कुठे आहे?”

“तिला आज येता येत नाही.”

“आजारी आहे?”

“नाही.”

“परगावी?”

“नाही.”

“मग?”

मी तात्यासाहेबांकडे पाहिले. त्यांच्या लक्षात आले असावे, कारण ते उठून खिडकीचे दार नीट लागते की नाही ते पाहू लागले. दुसरे एक सभासद फळ्यावरची बेरीज वाचू लागले.

डेप्युटीसाहेब म्हणाले, “बाई, कारण नसेल तर मला गैरहजर लिहावे लागेल. मी दुपारच्या गाडीने जाणार. पुन्हा येणे पुढच्या वर्षी.”

तेव्हा मी त्यांना इंग्रजीत सांगितले. साधे एक वाक्य. डॉक्टरच्या पुस्तकात असते तसले. त्या वाक्याचे मराठी मी तोवर कोणा पुरुषापुढे उच्चारले नव्हते, तुमच्या आजोबांपुढेसुद्धा नाही. आणि लिहिते आहे तेही आज पहिल्यांदाच. पण ती दुसरी भाषा होती. त्या खोलीत ती फक्त आम्हा दोघांना येत होती, आणि तिच्यात माझी आई, आजी, आत्या कोणी बसलेली नव्हती.

डेप्युटीसाहेबांचे कान लाल झाले. त्यांनी घड्याळ काढले, पाहिले, परत ठेवले. मग तेही इंग्रजीतच म्हणाले की हे आपल्या ध्यानात यायला हवे होते, आपल्यालाही मुली आहेत.

तात्यासाहेबांनी विचारले, “काय म्हणाल्या बाई?”

“नियमाची बाब आहे,” डेप्युटीसाहेब म्हणाले. मग मला मराठीत म्हणाले, “घरी जाऊन मला परीक्षा घेता येत नाही. मुलगी शाळेत हजर पाहिजे.”

मी विचारले, “मागचे परसू शाळेत धरतात का?”

ते तात्यासाहेबांकडे वळले. “जागा घेतली आहे ती परसासकट का?”

“परसासकट. विहीर सोडून.”

“मग धरतात. जेवायची सुट्टी झाल्यावर मी पडवीत बसेन.”

मी तशीच केशवरावाच्या घरी गेले. तो कामावर गेला होता. त्याची बायको, गोदूची वहिनी, दारात आली. मी सांगितले काय ठरले ते. तिने आधी रस्त्याकडे दोन्ही बाजूंना पाहिले. मग म्हणाली, “बाई, अशा वेळी रस्त्यातून गेलेली कोणी पाहिली तर मला या आळीत पाणी भरू देणार नाहीत.”

“मागच्या बोळाने नेते.”

“बोळाला खिडक्या नाहीत होय?”

“आहेत. पण या वेळी सगळी जेवायला बसलेली असतात.”

तिने पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला. “मी आता पाटावर बसते जेवायला,” ती म्हणाली. “मागच्या दाराकडे माझी पाठ असते.” आणि आत गेली.

तिला नणंद घरातून जायला हवी होती, की नणंदेचे भले व्हायला हवे होते, हे मला कळले नाही. पुष्कळदा मी त्यावर विचार केला आहे. दोन्ही असेल. माणूस चांगले काम करताना एकाच कारणाने करते, असे मला नोकरीत फारसे दिसले नाही.

गोदू गोठ्याच्या भिंतीशी कांबळ्यावर बसली होती. मी दुरूनच म्हटले, “ऊठ. परीक्षेला चल.”

ती उठली नाही. “बाई, पाप लागेल?”

मी तिला खोटे सांगू शकत नव्हते आणि खरे काय ते मला माहीत नव्हते. “ते मला ठाऊक नाही,” मी म्हटले. “लागलेच तर मीच बोलावले म्हणून सांग.”

ती डोळे पुसून उठली.

ठकूबाई पुढे चालली. एरवी तिला या आळीतल्या सोवळ्यातल्या बायका चार हात दूर उभी करत. आज ती हात पसरून बोळातल्या पोरांना आणि कुत्र्यांना हाकत होती, “बाजूला व्हा, बाजूला व्हा, शिवू नका.” मधेच मागे वळून मला म्हणाली, “आज मना लई बरं वाटतंय बाय.” गोदूलासुद्धा हसू फुटले.

परसात शेवग्याखाली गोदूला बसवले. पडवीच्या कडेला डेप्युटीसाहेबांची खुर्ची. मध्ये चांगले अंतर. खिडकीत मुलींची डोकी एकावर एक. आता अडचण अशी की पाटी तिला देता येईना, पुस्तकही नाही. ठकूबाईने विहिरीकडची कोरडी वाळू सुपातून आणून गोदूपुढे पसरली आणि एक काटकी टाकली. जुन्या पंतोजींच्या शाळांतून मुले अशीच धुळीवर लिहायला शिकत. माझ्या वडिलांनीही तसेच गिरवले होते.

डेप्युटीसाहेबांनी त्रैराशिकाचे उदाहरण घातले. गोदूने वाळूत मांडले. ते खुर्चीवरून उठून, मान लांब करून पाहू लागले, पुढे यावे की नाही त्यांना ठरवता येईना. शेवटी गोदूच म्हणाली, “मी मोठे काढते,” आणि हाताने वाळू सपाट करून आकडे वीतभर उंचीचे काढले. उत्तर बरोबर होते. दुसरे घातले, तेही बरोबर. इतिहास, भूगोल तोंडीच. ठाणे जिल्ह्यातल्या नद्या विचारल्या, त्या तिने उत्तरेकडून सांगितल्या.

वाचनाला मात्र घोटाळा झाला. मी पुस्तक उघडून दुरून धरले. गोदू म्हणाली, “अक्षर दिसत नाही, पण हा धडा मला पाठ आहे. म्हणू?”

“पाठ म्हणणे म्हणजे वाचन नव्हे,” डेप्युटीसाहेब म्हणाले. ते बरोबरच होते. त्यांनी फळा पडवीत आणायला सांगितला आणि स्वतः खडू घेऊन पाठ नसलेला मजकूर लिहू लागले. इतकी वर्षे लोकांची अक्षरे तपासून त्यांचे स्वतःचे अक्षर फार बिघडले होते. गोदूने पहिली ओळ वाचली, दुसऱ्या ओळीत अडली, पुन्हा पाहिले आणि फार अदबीने म्हणाली, “साहेब, हे अक्षर कोणते काढले आहे?”

खिडकीतल्या मुली खिदळल्या. डेप्युटीसाहेबांनी मागे सरून आपले अक्षर पाहिले. “माझे चुकले,” म्हणाले आणि ते पुसून नीट काढले. तिने पुढचे सगळे न अडता वाचले.

तात्यासाहेब इतका वेळ पडवीच्या दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, “साहेब, हे नियमात बसते ना? गावात बोलणे होईल.”

“मुलगी आवारात हजर होती, मी समक्ष परीक्षा घेतली,” डेप्युटीसाहेब म्हणाले. “नियमात एवढेच आहे.”

मग त्यांनी गोदूला अभ्यासाबाहेरचा एक प्रश्न विचारला. ट्रेनिंगला जाणाऱ्या मुलींना ते बहुधा विचारत असावेत. “शिकून पुढे काय करायचे आहे?”

अशा वेळी द्यायचे उत्तर मी सगळ्या मुलींना शिकवून ठेवले होते: आपल्या भगिनींना विद्यादान. गोदू ते म्हणेल म्हणून मी वाट पाहत होते.

ती म्हणाली, “परीक्षा घ्यायची आहे.”

“कोणाची?”

“मुलींची. तुमच्यासारखी गावोगाव जाऊन.”

“शिकवायचे नाही?”

“शिकवीन. पण परीक्षा घ्यायला बाई असली, म्हणजे कोणाला काही सांगावे लागणार नाही.”

डेप्युटीसाहेबांनी पागोटे नीट केले. ते मला म्हणाले, “पास आहे,” आणि दुपारची गाडी गाठायला गेले.

गोदू पावसाळ्याआधी पुण्याला गेली. केशवराव स्वतः पोचवायला गेला आणि खडवलीला त्याने ठरल्याप्रमाणे कळवले की सरकारने नेली. तिकडून फार कठोर उत्तर आले. त्याने ते मला दाखवले आणि विचारले, “आता मी काय करू?” मी म्हटले, “काही करू नका. तुम्हाला ते चांगले जमते.” तो रागावला नाही. त्याला ते खरेच जमत असे.

इथे गोष्ट संपवली तर तुम्हाला बरे वाटेल, पण ती पुरी होणार नाही. तात्यासाहेबांनी भाकीत केल्याप्रमाणे गावात बोलणे झाले. मास्तरीण परपुरुषाशी विटाळाच्या गोष्टी बोलते, तेही इंग्रजीत, असे बोलले गेले. इंग्रजीत बोलल्याने कोणाला काही ऐकू आले नव्हते, पण त्यामुळे मी काय काय बोलले असेन याला मर्यादा राहिली नाही. काही घरांनी मुली काढून घेतल्या. ठकूबाई रोज त्यांच्या दारात जाऊन हाक मारी आणि परत येई. तात्यासाहेबांची नातही काही महिने आली नाही, मग दिवाळीनंतर आली. बहुतेक परतल्या. छबी मात्र परतली नाही. ती दुसऱ्या इयत्तेत होती, पाढ्यांत फार चलाख, आणि चूक झाली की स्वतःच टाळी वाजवून हसे. तिच्या आजीने सांगितले, “आमच्या पोरीला एवढी परीक्षा नको.” पुढच्याच वर्षी तिचे लग्न झाले. एका मुलीसाठी मी जे केले त्याची किंमत दुसरीने भरली, आणि तिला कोणी विचारले नव्हते. पुन्हा तोच दिवस आला तर मी तसेच करीन. पण छबीचे नाव मी गोदूच्या बरोबरीने घेते.

पुढे डेप्युटीसाहेबांनी आमच्या शाळेची परीक्षा एका दिवसाऐवजी दोन फेऱ्यांत घ्यायला सुरुवात केली. कमिटीला त्यांनी कारण सांगितले नाही आणि कमिटीने विचारले नाही. त्यांची बदली झाल्यावर नव्या साहेबांनी ती पद्धत बंद केली. कारण कोणाला माहीतच नव्हते, तेव्हा त्यांना दोष कसा द्यावा?

गोदू आता गोदूबाई आहे. नगरकडे एका मोठ्या मुलींच्या शाळेची मुख्य. तिच्या शाळेत परीक्षेचे दिवस ठरवताना आधी मुलींच्या आयांना विचारतात, असे ती लिहिते. मुलींच्या शाळांची तपासणी करायला बायका नेमाव्यात, म्हणून तिने वर अर्ज केले. उत्तर सभ्य भाषेत आले. तिच्या योग्यतेबद्दल कोणाला शंका नाही, परंतु त्या कामात गावोगाव हिंडावे लागते आणि स्त्रियांना वाटेत ज्या अडचणी येतात त्यांचा विचार करता ते त्यांना झेपण्यासारखे नाही. गोदूने ते उत्तर मला जसेच्या तसे उतरवून पाठवले आणि खाली स्वतःचे काही लिहिले नाही. ती पुन्हा अर्ज करणार आहे, एवढे मला तिच्या स्वभावावरून कळते.

तुमच्या बाबांना सांगा की त्यांनी पाठवलेला सभेचा वृत्तान्त मी वाचला. पुस्तके निराळी असावीत की एकच, यावर मला सांगण्यासारखे विशेष नाही. दोन्ही पुस्तकांतून मुली शिकतात, येऊ दिले तर. पण सभेत हजेरीबद्दल जे गृहस्थ बोलले, त्यांनी एखाद्या मास्तरणीला विचारले होते का, ते मला जाणून घ्यायचे आहे. आणि सुमा, तुझ्या शाळेत परीक्षा घ्यायला कोण येते, ते मला कळव.